सोडलेली सरी

पोरगं वाळलेल्या हळदीची पोती मोजत होतं. अठरा, एकोणीस, वीस, आणि पुढचा आकडा त्याला सापडेना. ते परत पहिल्या पोत्यापाशी गेलं. दादा हळद शिजवायच्या कुकरजवळ उभा होता. त्यानं पाहिलं आणि मान वळवली. माझी बहीण मात्र पाहत राहिली.

"दादा, त्याची ती रात्रीची गोळी अजून चालू आहे?"

"चालू म्हंजे? एक दिवस खंड नाही."

मी त्या दोघांच्या मधला. दादा शिरड शहापुरात घरची शेती करतो, मी शाळेत शिकवतो, धाकटी नांदेडला भूलतज्ज्ञ आहे. माणसाला औषधानं झोपवायचं आणि वेळेवर शुद्धीत परत आणायचं, हे तिचं रोजचं काम. मागल्या वर्षी जानेवारीत दादाचा मुलगा रात्री वसमतहून मोटारसायकलवर येत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. मेंदूला मार, आत रक्तस्राव, अकरा दिवस आयसीयू. १०८ च्या गाडीत त्याला झटके आले, तेवढेच. त्याला आता चौदा महिने होतील. पुन्हा फिट नाही. दवाखान्यातून सुटताना मिळालेल्या कागदावर फिनोबार्बिटोनची गोळी लिहिली होती आणि तिच्यापुढं दोनच शब्द होते, 'चालू ठेवणे'. कधीपर्यंत, ते लिहिलेलं नव्हतं. दादानं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि शब्द पाळला.

"त्याला लई झोप येते," वहिनी म्हणाल्या. त्या ताडपत्रीवर शिजलेली हळद पसरत होत्या. "सकाळी नऊला उठतो अन् जेवण झालं की परत आडवा. बारावीचं पुस्तक उघडतो, एका पानावर तासभर बसतो."

"झोपू दे की. झोप म्हंजे डोक्याला आराम." दादाचा आवाज चढला. "त्या रात्री गाडीत लेकरू तडफडत होतं. तोंडाला फेस, डोळे पांढरे. डॉक्टरनं मांडीत इंजेक्शन दिलं अन् जरा वेळात शांत झोपलं. ते मी बघितलंय, बाई. तू नव्हतीस."

वादाचं मूळ इथं आहे असं मला वाटतं. आपल्या लेकराचा झटका डोळ्यांदेखत थांबताना ज्यानं पाहिला, त्याच्या मनात झोप आणि जीव एकाच गाठीत बांधले जातात. आकडे सांगायला येणाऱ्यानं आधी ही गाठ मानायला हवी. बहिणीनं ती मानली.

"ते इंजेक्शन बरोबरच होतं. त्याबद्दल माझा एका शब्दाचा वाद नाही. झटका पाच मिनिटांच्या पुढं गेला की आपोआप थांबायची आशा कमी कमी होत जाते, म्हणून गुंगीचं औषध तिथल्या तिथं द्यायचं. अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झाला, रॅम्पार्ट नावाचा, २०१२ साली छापून आला. अ‍ॅम्ब्युलन्समधले ८९३ रुग्ण. काहींना शिरेतून लोराझेपाम, काहींना स्नायूत मिडाझोलाम. दवाखान्यात पोचेपर्यंत शिरेतून दिलेल्यांपैकी शंभरात ६३ जणांचे झटके थांबले होते, स्नायूत दिलेल्यांपैकी ७३ जणांचे. कारण साधं आहे. हिसके देणाऱ्या हातात शीर शोधण्यातच वेळ जातो. मांडी लगेच सापडते."

"मग? झोपेचं औषध चांगलंच की."

"हळदीला पाणी चांगलं का वाईट, दादा?"

"चांगलं."

"अन् वाफ्यात साचून राहिलं तर?"

दादा बोलला नाही. कंदकुजीनं गेलेला एक अख्खा हंगाम आमच्या घरानं पाहिला आहे.

ती पोत्यावर बसली. "मेंदूत पेशींना गप्प करणारं एक रसायन असतं, गाबा नावाचं. मिडाझोलाम, डायझेपाम, ही तुझी फिनोबार्बिटोन, सगळी त्या गाबाचा जोर वाढवतात. झटका म्हणजे पेशींनी एकदम केलेला गलका. गाबाचा जोर वाढला की तो बसतो. पण मार लागलेल्या मेंदूत मेलेल्या पेशींचं काम उरलेल्यांना शिकून घ्यायचं असतं. नवे धागे जुळायचे असतात, आणि ते जुळतात पेशी एकमेकींशी बोलल्या तरच. सगळा वर्ग महिनोन् महिने तोंडावर बोट ठेवून बसवला तर शिकणार कोण?" शेवटचं माझ्याकडं बघून होतं.

"हे बघितलंय कुणी, का तुमचं आपलं अंदाजानं?"

"उंदरांवर बघितलंय. टेक्सासमध्ये टिम शॅलर्ट नावाचे संशोधक होते. मेंदूला एका बाजूनं इजा झालेले उंदीर एरवी हळूहळू सुधारतात. त्यांनी त्यातल्या काहींना रोज डायझेपाम दिलं. त्या उंदरांची सुधारणा रखडली, आणि औषध बंद झाल्यावरही रखडलेलीच राहिली. १९८६ ची गोष्ट. पुढं १९९४ साली फिनोबार्बिटोननंही सुधारणेत खोडा घातलेला दिसला."

"उंदीर!" दादानं हातातलं फावडं खाली टेकवलं. "माझं पोरगं उंदीर हाय का?"

"नाही. म्हणूनच तेवढ्यावर मी तुला काही कर म्हणणार नाही. माणसांचंही सांगते. लॅरी गोल्डस्टीन यांनी पक्षाघाताच्या रुग्णांचे कागद तपासले. ज्यांना आजाराच्या सुरुवातीला अशी औषधं मिळाली होती, त्यांच्या हातापायांची सुधारणा कमी दिसली. पण ते रुग्ण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. ज्यांना गुंगीचं औषध द्यावं लागलं, ते मुळातच जास्त आजारी असू शकतात. म्हणून तोही पुरावा मी अर्धाच धरते. आणि तुझ्या बाजूचंही एक आहे. १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या खेड्यांतला अभ्यास आला. मिरगीची ९४ मुलं, काहींना हीच गोळी, काहींना फेनिटॉइन. हिच्यामुळं मुलांची वागणूक जास्त बिघडली, असं काही दिसलं नाही. ही गोळी स्वस्त आहे, गरीब देशांत जागतिक आरोग्य संघटना बरीच वर्षं तिचीच शिफारस करत होती, आणि तिच्यावर लाखो माणसं उभी आहेत. मी तिला विष म्हणत नाही."

"मग भांडण कशाचं?"

"त्या मुलांना मिरगी होती. आपल्याला आहे का?"

ही बाई भांडायला आली आहे आणि समोरच्याच्या हातात स्वतःहून काठी देते आहे, असं मला त्या क्षणी वाटलं. पण तिच्या प्रश्नानं वाद जिथं यायला हवा होता तिथं आला. फिट आलेल्याला पुन्हा येऊ नये म्हणून दिलेली गोळी वेगळी, आणि माराच्या वेळचे झटके सोडले तर पुढं आलीच नाही तरी येईल या धास्तीनं दिलेली गोळी वेगळी. आपल्याकडं दोन्हींचं नाव एकच, 'फिटची गोळी', आणि त्या एका नावात हा फरक बुडून जातो.

"त्याला चौदा महिन्यांत फिट आली नाही," दादा म्हणाला. "म्हंजे गोळी लागू पडली. यात काय कळायचं राहिलं?"

"अमेरिकेत मिनेसोटा राज्यात एका भागात डोक्याला मार लागलेल्या ४,५४१ लोकांची नोंद वर्षानुवर्षं तपासली. १९९८ साली ती छापली. मार हलका असेल तर पाच वर्षांत शंभरात एकालाही धड फिट आली नव्हती. मार जबर असेल तर पाच वर्षांत शंभरात दहा, तीस वर्षांत सतरा. म्हणजे जबर मार बसलेल्यांतही बहुतेकांना ती येतच नाही. तुझं पोरगं त्या बहुतेकांतलं असेल तर श्रेय गोळीचं कसं?"

"अन् त्या सतरांतलं असलं तर? गोळीनंच अडवली असंल तर?"

"हा प्रश्न बरोबर आहे. तोच सिएटलमध्ये नॅन्सी टेमकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. १९९० साली उत्तर छापलं. डोक्याला जबर मार बसलेले ४०४ रुग्ण. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना फेनिटॉइन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला काय मिळतंय ते ना रुग्णाला ठाऊक, ना उपचार करणाऱ्याला. पहिल्या आठवड्यात बिनऔषधाच्या गटात शंभरात १४ जणांना झटके आले, औषधाच्या गटात जेमतेम चौघांना. म्हणजे आठवडाभर औषधाचा फायदा खरा. पण आठव्या दिवसापासून वर्षअखेरपर्यंत औषधवाल्यांत शंभरात २१.५ जणांना झटके आले, बिनऔषधवाल्यांत १५.७. हा फरक योगायोगाचा धरला तरी फायदा कुठंच नाही. त्याच मंडळींनी पुढच्या वर्षी आणखी दाखवलं, की जबर मार बसलेल्यांत महिन्याभरानंतर औषधवाल्यांची विचारशक्ती बिनऔषधवाल्यांच्या मागं होती. म्हणून आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, जोखमीच्या रुग्णाला सात दिवस द्या. त्यानंतर फक्त धास्तीपोटी नको."

"ते फेनिटॉइन. आपली गोळी येगळी."

"वेगळी, आणि जास्त गुंगीची. उशिरा येणारी फिट हिनं आधीच अडवता येते, असंही कुणी दाखवलेलं नाही."

इथं मला दादाची सरी आठवली आणि मी मधे बोललो. काही वर्षांपूर्वी औषधांच्या दुकानातून दादानं हळदीचा कंद पोसायचं महागडं टॉनिक आणलं होतं. सगळ्या गावानं मारलं. दादानंही मारलं, पण दोन सऱ्या तशाच सोडल्या. काढणीला त्या सऱ्यांची हळद वेगळी तोलली. वजनात फरक नव्हता. गाव अजून ते टॉनिक विकत घेतं. दादा घेत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात कुणी शिकवायच्या आधीच त्याला ठाऊक होतं, की सरी सोडल्याशिवाय फवारणीचं श्रेय देता येत नाही. टेमकिनबाईंनी वेगळं काय केलं?

दादानं माझ्याकडं जे पाहिलं, ते मला अजून बोचतं.

"सरी गेली तर काय, दहा किलो हळद जाते. लेकराची सरी सोडता येते? तू सोडशील तुझ्या पोराची? ज्या निम्म्यांना बिनऔषधाची गोळी दिली, त्यांच्यातल्या शंभरात चौदांना झटके आले. त्यातला एक माझा असता तर?"

याला उत्तर नाही असं मला वाटलं. बहीण बराच वेळ हळदीचं एक बोट हातात मोडत राहिली.

"दादा, डोक्याला मार लागला की मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड द्यायची पद्धत होती. तीस वर्षांहून जास्त काळ. सगळ्यांना वाटायचं, फायदा होतोच. जो देत नसे तो हयगय करतोय असं वाटायचं. मग क्रॅश नावाचा अभ्यास झाला. ४९ देश, २३९ दवाखाने, त्यात भारतातलेही. निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना बिनऔषधाचं पाणी. वीस हजार रुग्ण घ्यायचे होते, दहा हजार आठवरच थांबवला. २००४ ची गोष्ट. का थांबवला? दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांतले १,०५२ दगावले होते, न मिळालेल्यांतले ८९३."

वहिनींचा हात ताडपत्रीवर थांबला.

"सोडलेली सरी जास्त जगली," ती म्हणाली. "आणि त्याआधीची तीस वर्षं जगभर किती लेकरांना आईबापांच्या डोळ्यांदेखत ते इंजेक्शन मायेनंच दिलं गेलं असेल! त्यांची मोजदाद कुणाकडं आहे? तू म्हणतोस, लेकराची सरी सोडता येत नाही. खरंय. पण कुणीच सोडली नाही, तर सगळं वावर एकाच अंदाजावर जातं."

"त्या सोडलेल्यांची नावं असतात कुठं लिहिलेली?"

"नावं नसतात. नंबर असतात."

दादा कुकरकडं गेला, वाफ सोडली, परत आला. त्याच्या मनात पुढचा सवाल तयार होता, आणि तोही खराच.

"रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात कागद पुढं केला असता, 'अभ्यासात घेऊ का' म्हणून, तर मी काय वाचलं असतं? मी सही केली असती अन् मला कळलंबी नसतं कशावर केली."

"कायदा सांगतो की तुला तुझ्या भाषेत समजावलं पाहिजे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. नाही म्हटलंस तर उपचारात कसूर होता कामा नये. २००९ पासून अशा प्रत्येक औषध-चाचणीची सरकारी नोंदवहीत आधी नोंद सक्तीची आहे. २०१९ चे नियम आहेत." ती थांबली. "पण रात्री दोनला, रक्तानं भिजलेला सदरा हातात घेऊन उभ्या असलेल्या बापाला खरोखर किती समजतं, हे मी रोज बघते. तिथं तुझंच बरोबर आहे. त्याचं उत्तर त्या रात्री सापडत नाही. ते असं आधी सापडतं, दिवसाउजेडी, अंगणात बसून."

मला वाटलं आता मिटलं. मिटलं नव्हतं. दादाचा सगळ्यात मोठा मुद्दा अजून बाकी होता.

"तुझं सगळं मान्य केलं. गोळी बंद केली. अन् रात्री फिट आली. सिएटलमधल्या माणसाच्या दारात गाडी किती मिनिटांत येते? इथून वसमत गाठायचं, वसमतहून नांदेडच्या विष्णुपुरीला जायचं. वाटेत ट्रॉल्या. तुझे आकडे खरे असतील, बाई. पण ते आमचा रस्ता मोजत नाहीत."

या वाक्यापुढं मी आजही दादाच्या बाजूनं उभा राहीन. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासलेली जोखीम आणि गावातल्या ओट्यावरची जोखीम, यांत औषध तेच असलं तरी अंतर वेगळं असतं. खेड्यात पुष्कळदा गोळी चालू राहते ती मेंदूसाठी नव्हे, रस्त्यासाठी. पोराच्या जागेपणातून त्या रस्त्याची किंमत वसूल होते, हे मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

बहिणीनंही तो मुद्दा खाली पडू दिला नाही. "मग रस्त्याचा बंदोबस्त रस्त्यापुरता करू. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळतो. मात्रा डॉक्टर लिहून देतील. झटका पाच मिनिटांच्या पुढं गेला तर मारायचा आणि निघायचं. त्यासाठी रोजची गोळी नको."

"आणि अपघातानंतर इतक्या दिवसांनी एक जरी फिट आली," ती पुढं म्हणाली, "तर माझं सगळं बोलणं फिरवून घे. जबर मार बसलेल्यांत अशी उशिराची एक आली, की दोन वर्षांत शंभरातल्या ८६ जणांना पुन्हा आलेली त्याच सिएटलच्या मंडळींनी पाहिली आहे. मग ती मिरगीच. मग गोळी हवी, रोज हवी, आणि कदाचित हिच्याहून कमी गुंगीची दुसरी मिळेल."

"आत्या," पोरगं पोत्यांमागून म्हणालं. ते तिथंच होतं हे आम्ही विसरलो होतो. "मी पाच दिवसांपासून अर्धीच खातो."

बहीण ताडकन उठली. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. पाढे आठवंनात. म्हणून."

तिचा चेहरा पांढरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला. गोळी थांबवा म्हणून तासभर भांडणारी तीच, आणि आता तिचाच हात थरथरत होता. "थांबवायची म्हणजे तोडायची नाही रे! चौदा महिने गाबाच्या जोरावर गप्प बसलेल्या पेशी आहेत. जोर एकदम काढला तर ज्याला मिरगी नाही त्यालाही झटका येऊ शकतो. ही गोळी आठवडे-महिने लावून, थोडी थोडी करत, मेंदूचा आलेख बघून उतरवायची असते." ती मोबाइल काढून मेंदूविकारतज्ज्ञांना फोन लावायला रस्त्याकडं गेली. मल्लिनाथाच्या देवळाकडून येणाऱ्या वाटेवर तिचा आवाज येत राहिला, वय, वजन, मात्रा, किती दिवस.

परत आली तेव्हा तिचं बोलणं आखडलं होतं. आज रात्री काय द्यायचं ते तिनं वहिनींना सांगितलं. उद्या नांदेडला दाखवायचं, अपघाताचे सगळे कागद आणि सिटी स्कॅन घेऊन. तोवर एकट्यानं विहिरीवर जायचं नाही, गाडी नाही, कुकरजवळ उभं राहायचं नाही.

"अन् तोवर आलीच तर?" दादानं विचारलं.

"ये इकडं. शिकवते."

तिनं पोराला ताडपत्रीवर आडवं केलं. हातपाय दाबायचे नाहीत. दातखीळ बसली तरी तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टोकदार बाजूला, आणि हिसके थांबले की कुशीवर, म्हणजे लाळ बाहेर येते. सगळ्यात आधी घड्याळ बघायचं.

दादा गुडघ्यावर बसला. त्याचे हळदीनं पिवळे झालेले हात पोराच्या खांद्यावर आणि कमरेवर टेकले. त्यानं त्याला कुशीवर वळवलं, एवढ्या जपून, की पोरगं हसायला लागलं. सदऱ्यावर दहा बोटं उठली.

"फवारा घरात आल्याबिगर गोळी कमी करायची नाही," दादा म्हणाला.

"नाही करायची," ती म्हणाली.

"अन् ह्या हाताखाली अडकतो त्याचा हात. तो आधी काढायचा का?"

"आधी काढायचा. परत कर."

दादानं पोराला सरळ केलं आणि वहिनींकडं बघून म्हणाला, "घड्याळ लाव."